‘स्मार्ट’ नॅनो औषधासाठी आईची केमो थांबवावी का?

प्रश्न : माझी आई ५९ वर्षांची आहे. अंडाशयाचा कर्करोग, तिसरी स्टेज. ऑपरेशन झालं, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेलच्या सहा सायकली झाल्या. त्यानंतरचे अकरा महिने चांगले गेले. आता सीए-१२५ (रक्तातली कर्करोगाची खूण) वाढलंय आणि स्कॅनमध्ये पोटात पुन्हा गाठी दिसतायत. डॉक्टरांनी कार्बोप्लॅटिनबरोबर ‘लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन’ सुचवलंय, दर चार आठवड्यांनी. पहिल्या केमोपासून आईच्या तळपायांना मुंग्या येतात, त्या अजून गेलेल्या नाहीत. धाकटा भाऊ म्हणतो, हे जुनं औषध आहे, आता ‘स्मार्ट’ नॅनोकण आलेत, ते थेट कर्करोगाच्या पेशीतच औषध सोडतात, त्रास काहीच होत नाही. दोन-तीन महिने थांबू आणि तेच मिळवू. आई म्हणते, तुम्ही दोघं ठरवा. थांबावं का? आणि हे लायपोसोमल म्हणजे नक्की काय?

उत्तर : थांबू नका. भाऊ ज्या नॅनो औषधासाठी थांबायला सांगतोय, त्याच कुळातलं, माणसांवर वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं औषध डॉक्टरांनी तुमच्या हातात दिलेलं आहे. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन हे नॅनो औषधच आहे. अमेरिकेत त्याला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. कर्करोगासाठी मंजूर झालेलं ते पहिलं नॅनो औषध. जुनं आहे हे खरं, पण म्हणूनच त्याचा डोस, त्रास आणि त्रासावरचे उपाय माहीत आहेत.

आता ते काय आहे ते बघू. डॉक्सोरुबिसिन हे जुनं, लाल रंगाचं केमोचं औषध. ते चरबीच्या दुहेरी पापुद्र्याच्या सूक्ष्म गोळीत भरतात. ही गोळी म्हणजे लायपोसोम. तिचा व्यास साधारण ८० ते १०० नॅनोमीटर. पापुद्रा फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉलचा असतो आणि वरून पॉलिएथिलिन ग्लायकॉलच्या साखळ्यांचं आवरण, म्हणजे ‘पेग’. औषध आत भरण्याची युक्ती फार सुंदर आहे. आधी गोळीच्या आत अमोनियम सल्फेट ठेवतात. बाहेरचं डॉक्सोरुबिसिन पापुद्र्यातून आत शिरतं, तिथे सल्फेटशी जुळून त्याचे स्फटिक होतात आणि मग ते बाहेर येऊ शकत नाही. एकेका गोळीत औषधाचे दहा हजारांहून जास्त रेणू मावतात.

पेगचं आवरण नसतं, तर यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींनी या गोळ्या काही तासांत गिळल्या असत्या. आवरणामुळे त्या रक्तात टिकतात. अर्धायुष्य दोन-अडीच दिवसांचं. निरोगी रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या फटी इतक्या लहान असतात की १०० नॅनोमीटरची गोळी सहसा त्यातून निसटत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या मात्र घाईने वाढलेल्या, ओबडधोबड आणि गळक्या असतात, आणि गाठीतून द्रव वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्याही धड काम करत नाहीत. त्यामुळे कण तिथे झिरपतात आणि साचतात. हिरोशी माएदा आणि यासुहिरो मात्सुमुरा या जपानी संशोधकांनी हे १९८६ मध्ये मांडलं, आणि पुढचं बरंचसं नॅनो संशोधन त्याच कल्पनेवर उभं राहिलं.

पण ‘थेट गाठीतच’ हे शब्द इथेच घसरतात. टोरांटो विद्यापीठातल्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून तपासले. २०१६ मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा : टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण, सगळ्या प्रयोगांचा मध्यक घेतला तर, ०.७ टक्के. बाकीचे प्रामुख्याने यकृतात आणि प्लीहेत जातात. उंदराची गाठ काही आठवड्यांत वाढवलेली असते, तिच्या रक्तवाहिन्या खूपच गळक्या असतात. माणसाची गाठ सावकाश वाढते, तिच्यात तंतू जास्त आणि आतला दाबही जास्त. एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही फरक असतो. एक कण शोषते, दुसरी नाही.

मग या औषधाचा फायदा काय? आमच्या मते त्याचा खरा फायदा, औषध शरीरात कुठे *जात नाही* यात आहे. हृदयाच्या केशवाहिन्या घट्ट असतात, त्यातून गोळ्या फारशा बाहेर पडत नाहीत, म्हणून साध्या डॉक्सोरुबिसिनपेक्षा हृदयाला होणारी इजा बरीच कमी. केस खूप कमी जातात, उलट्या कमी होतात. त्याची किंमत त्वचा आणि तोंडाचं अस्तर मोजतात. म्हणजे त्रास नाहीसा झालेला नसतो, त्याने जागा बदललेली असते. कोणत्याही नॅनो औषधाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारा : त्रास कुठून उठून कुठे गेला, आणि *या* रुग्णाला ती नवी जागा परवडणारी आहे का?

तुमच्या आईच्या बाबतीत याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. प्लॅटिनमचं औषध (आईचं कार्बोप्लॅटिन त्यातलंच) संपल्यावर सहा महिन्यांनंतर आजार परतला, तर तो प्लॅटिनमला अजून दाद देणारा मानतात. अशा ९७६ रुग्णांवर ‘कॅलिप्सो’ ही ट्रायल झाली, तिचे निकाल २०१० मध्ये आले. एका गटाला कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, दुसऱ्याला कार्बोप्लॅटिन आणि लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ पहिल्या गटात ९.४ महिने, दुसऱ्यात ११.३ महिने. एकूण आयुष्यमानात मात्र फरक पडला नाही, हेही तुम्हाला माहीत असायला हवं. त्रासातला फरक ठळक होता. नसांचा लक्षणीय त्रास, म्हणजे मुंग्या आणि बधिरपणा, पॅक्लिटॅक्सेलच्या गटात सुमारे २७ टक्के जणींना, लायपोसोमलच्या गटात ५ टक्क्यांना. केस मोठ्या प्रमाणात जाणं ८४ टक्क्यांच्या जागी ७ टक्के. उलट हातापायांच्या त्वचेचा मध्यम ते तीव्र त्रास २ टक्क्यांच्या जागी १२ टक्के, तोंड येणंही जवळपास दुप्पट. ज्या बाईच्या पायांतल्या मुंग्या अजून गेलेल्या नाहीत, तिला पुन्हा पॅक्लिटॅक्सेल देणं म्हणजे तिचं चालणं पणाला लावणं. डॉक्टरांनी हे औषध विचार करूनच निवडलेलं दिसतंय.

भावाच्या ‘स्मार्ट’ कणांबद्दल थोडं, कारण त्याने वाचलेलं सगळं खोटं नाही. यात मुख्यतः दोन कल्पना आहेत. एक, कणावर असा रेणू लावायचा जो कर्करोगाच्या पेशीवरच्या विशिष्ट प्रथिनाला चिकटेल. दोन, कण असा बनवायचा की तो ठरावीक परिस्थितीतच उघडेल. रक्ताचा सामू (पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ७.४ असतो, गाठीभोवती बहुधा ६.५ ते ७, आणि पेशीने कण गिळल्यावर आतल्या कप्प्यात तो ५ च्या आसपास उतरतो. मग आम्लतेत तुटणारा बंध वापरायचा. किंवा उष्णतेने उघडणारा पापुद्रा वापरायचा.

प्रयोगशाळेत हे चालतं. माणसांत काय झालं? उष्णतेने उघडणारे डॉक्सोरुबिसिनचे लायपोसोम यकृताच्या कर्करोगात गाठ तापवण्याच्या उपचाराबरोबर दिले. २०१३ मध्ये तिसऱ्या टप्प्याची ट्रायल अपेक्षित फरक दाखवू शकली नाही. ज्यांची गाठ ४५ मिनिटं किंवा जास्त तापवली होती त्यांना फायदा झालासा वाटला, म्हणून तेवढी वेळ सक्तीची करून दुसरी मोठी ट्रायल केली. २०२० मध्ये तीही अपयशी ठरली. स्तनाच्या कर्करोगातल्या हर-२ प्रथिनाला चिकटणारे लायपोसोम २०१६ मध्ये ट्रायलच्या मधेच थांबवले, कारण नेहमीच्या उपचारापेक्षा ते सरस ठरत नव्हते.

कारण मुळात सोपं आहे. पार्सलवर पत्ता अचूक लिहिला, तरी गाडी त्या गावाला गेली पाहिजे. चिकटणारा रेणू कण पेशीजवळ पोचल्यावरच कामाला येतो; पोचण्यासाठी त्यालाही त्याच गळक्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून राहावं लागतं. त्यात रक्तात शिरताच रक्तातली प्रथिनं कणावर थर चढवतात आणि तो रेणू झाकून टाकतात. कण जितका गुंतागुंतीचा, तितकी प्रत्येक बॅच सारखी बनवणंही अवघड. शिरेतून दिल्यावर स्वतः कर्करोगाची पेशी शोधणारा किंवा आम्लता ओळखून उघडणारा कोणताही नॅनोकण आज अंडाशयाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारात नाही. त्यामुळे दोन-तीन महिने थांबून ‘मिळवावं’ असं काही नाही, आणि तेवढ्या काळात पोटातल्या गाठी वाढून आतडं अडण्याची किंवा पोटात पाणी होण्याची भीती खरी आहे.

आता प्रत्यक्ष औषधाच्या दिवसाकडे येऊ.

डोस शरीराच्या पृष्ठफळावर ठरतो. या जोडीत लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन ३० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर देतात. समजा उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ५३ किलो, तर पृष्ठफळ साधारण १.५ चौरस मीटर आणि डोस ४५ मिलिग्रॅम. औषध मिलिलिटरमागे २ मिलिग्रॅम असतं, म्हणजे साडेबावीस मिलिलिटर. ते २५० मिलिलिटर ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं असतं, इतर कशात नाही. नळीत गाळणी लावायची नसते. वायल, म्हणजे औषधाची बाटली, २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची, गोठवायची नाही. गोठल्यास पापुद्रा फाटतो. वायल तुम्हीच आणून द्यायची असेल, तर बर्फाला थेट टेकवून आणू नका.

लेबलवर ‘लायपोसोमल’ हा शब्द स्वतः वाचा. साधं डॉक्सोरुबिसिनही लालच असतं आणि दोन्हींचे डोस वेगळे आहेत. एकाच्या जागी दुसरं गेलं तर गंभीर चूक होते. नजरेने ओळखायची एक खूण आहे : साधं औषध काचेसारखं स्वच्छ लाल दिसतं, लायपोसोमलची पिशवी उजेडाकडे धरली तर धुरकट लाल दिसते. ही खूण जास्तीची समजा, लेबल वाचणं त्याने टळत नाही.

पहिल्यांदा औषध मिनिटाला १ मिलिग्रॅम या वेगाने सुरू करतात. पहिल्या काही मिनिटांत काही जणांना चेहरा लाल होणं, छाती आवळणं, धाप, पाठ दुखणं, थंडी असं होतं. रक्तातली ‘कॉम्प्लिमेंट’ ही संरक्षक यंत्रणा कणांना परकं समजून अचानक जागी होते, म्हणून हे घडतं. यातले बहुतेक त्रास औषध थांबवल्यावर ओसरतात आणि नंतर सावकाश वेगाने ते पुन्हा सुरू करता येतं. आईला आधीच सांगून ठेवा : पाठीत किंवा छातीत काही वेगळं वाटलं, तर ‘बघू थोडा वेळ’ म्हणायचं नाही, लगेच नर्सला हाक मारायची.

कार्बोप्लॅटिनची ॲलर्जी वेगळी. ती सहसा पहिल्या डोसला येत नाही. बरेच डोस झाल्यावर, सातव्या-आठव्यापासून तिची शक्यता वाढते. आईचे सहा झालेत. म्हणजे नव्या फेरीतली दुसरी सायकल हा कार्बोप्लॅटिनचा आठवा डोस. तळहातांना अचानक खाज सुटणं ही तिची सुरुवातीची खूण. पहिली सायकल सुरळीत गेली म्हणून दुसऱ्या सायकलीच्या दिवशी आईला एकटं सोडू नका. कॅलिप्सोत लायपोसोमलच्या जोडीला ॲलर्जी कमी दिसली होती, ५.६ टक्के विरुद्ध १८.८ टक्के, पण शून्य नव्हती.

घरी आल्यावर सगळ्यात जास्त लक्ष हातापायांकडे द्या. रक्तात फिरत राहिलेल्या गोळ्या जिथे दाब, घर्षण आणि उष्णता असते तिथल्या बारीक वाहिन्यांतून त्वचेत झिरपतात. तळहात, तळपाय हे तर आहेच, शिवाय कमरेच्या नाडीखाली, ब्राच्या पट्ट्याखाली, काखेत, मांड्यांच्या घड्यांतही हे होतं, आणि तिकडे कोणी बघत नाही. त्रास बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या सायकलीनंतर दिसतो, म्हणून पहिल्या सायकलीनंतर निर्धास्त होऊ नका.

औषधानंतरचा पहिला आठवडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण औषध तेव्हाच रक्तात जास्त असतं. या काळात गरम पाण्याने आंघोळ नको, कोमट किंवा गार पाणी. गरम पाण्यात पाय सोडून बसणं नको, मुंग्यांसाठी बरं वाटत असलं तरी. भांडी घासणं, कपडे पिळणं, सुरीने जोर लावून चिरणं, लांब फेरफटका, उन्हात उभं राहणं, तळपाय चोळून देणं हे सगळं बंद. तेल किंवा क्रीम लावायचं ते रगडून नाही, नुसतं पसरून; १० टक्के युरिया असलेलं क्रीम दिवसातून दोनदा पुरतं. पायात सैल, मऊ तळव्याचं. कपडे सैल सुती. सुई लावताना चिकटपट्टी कमीत कमी वापरायला सांगा आणि ती सोडवताना ओढू देऊ नका.

औषध चालू असताना मनगट आणि घोट्यांना गार पॅक लावल्याने त्रास कमी होतो असं काही अभ्यासांत दिसलंय. आईच्या पायांची संवेदना कमी आहे, म्हणून बर्फ थेट त्वचेवर अजिबात नको. जाड कापडात गुंडाळलेला पॅक, आणि दर १५-२० मिनिटांनी काढून त्वचा पाहायची. ब-६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या यासाठी अजूनही सर्रास दिल्या जातात. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनवर झालेल्या तुलनात्मक चाचणीत त्यांचा उपयोग दिसला नाही, आणि जास्त डोसमध्ये ब-६ स्वतःच नसांना इजा करतं. मुंग्या असलेल्या बाईला ते मनाने देऊ नका.

त्वचा रोज पाहा आणि दर दोन दिवसांनी तळहात-तळपायांचे फोटो काढून ठेवा. नुसती लाली आणि चुरचुर असेल तर काळजी वाढवायची. सूज, सालपटं, बारीक फोड आले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवायचं. अशा वेळी पुढचा डोस साधारण दोन आठवड्यांपर्यंत लांबवतात. मोठे फोड, जखमा, चालता न येणं इथपर्यंत गेलं तर डोस कमी करतात किंवा औषधच थांबवावं लागतं. डोस कमी होईल या भीतीने बऱ्याच बायका त्रास लपवतात. उलट घडतं : लाली असतानाच सांगितलं तर डोस टिकवता येतो.

बाकीचं थोडक्यात. लघवी एक-दोन दिवस लालसर होते, ते रक्त नाही. तोंडासाठी मऊ ब्रश आणि ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच गुळण्या. ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला तर रात्र असो की पहाट, दवाखाना गाठायचा. घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघत बसायचं नाही, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग तासांत बळावतो. प्रत्येक सायकलीआधी रक्ततपासणी, आणि सुरुवातीला एक इको. हृदय कमी दुखावतं याचा अर्थ तपासायचं नाही असा नाही.

‘नॅनो’ लिहिलेलं हळदीचं, सोन्याचं किंवा चांदीचं काहीही या काळात परस्पर सुरू करू नका. त्यातलं काहीही अंडाशयाच्या कर्करोगावर ट्रायलमध्ये सिद्ध झालेलं नाही. आधीपासून काही चालू असेल तर डॉक्टरांना बाटलीच दाखवा.

ट्रायलची दारं या उपचाराने बंद होत नाहीत. बहुतेक ट्रायलमध्ये आधीची केमो संपून तीन-चार आठवडे झालेले असावे लागतात, रुग्ण स्वतःची कामं स्वतः करू शकत असावी लागते, आणि स्कॅनवर मोजता येईल अशी गाठ लागते. काही ट्रायल आधी किती प्रकारचे उपचार झाले यावर मर्यादा घालतात, तेवढं विचारून ठेवा. कुणी ट्रायल सुचवली तर टप्पा कोणता ते आधी विचारा. पहिल्या टप्प्याचा मुख्य हेतू सुरक्षित डोस शोधणं हा असतो. तुलना कशाशी आहे, जास्तीच्या बायोप्सी किती, मधेच बाहेर पडता येतं का, हे लेखी मागा. प्रयोगातल्या औषधाचेच पैसे कोणी मागत असेल, तर नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीची मंजुरी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

भावाची धडपड वाया घालवू नका, त्याला एक काम द्या. नेमकी पेशी गाठण्याची कल्पना अंडाशयाच्या कर्करोगात यशस्वी झाली आहे, पण ती नॅनोकणात नाही, अँटिबॉडीला, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूला, जोडलेल्या औषधात. मिर्व्हेटुक्सिमॅब सोराव्हटॅन्सिन हे त्याचं नाव. पेशीवर फोलेट रिसेप्टर अल्फा हे प्रथिन भरपूर असेल तर ते तिथे चिकटतं आणि औषध आत सोडतं. अमेरिकेत २०२२ मध्ये त्याला तात्पुरती आणि २०२४ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली, आजार प्लॅटिनमला दाद देईनासा होतो तेव्हासाठी. त्याचाही त्रास आहेच, आणि तो डोळ्यांना होतो. आईला ते आज लागू नाही, पुढे लागू शकतं. रिसेप्टरची तपासणी पहिल्या ऑपरेशनच्या वेळी जपलेल्या ऊतकाच्या ब्लॉकवर, म्हणजे मेणात ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावर, होते. बीआरसीए जनुकांची (यांतल्या बिघाडाने अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) तपासणी झालेली नसेल तर तीही याच वेळी करून घ्या, कारण या केमोला प्रतिसाद मिळाला तर पुढे पार्प-रोधक (कर्करोगाच्या पेशीची डीएनए-दुरुस्ती अडवणाऱ्या) गोळ्या द्यायच्या का, हे ठरवताना ती लागते. ब्लॉक कोणत्या लॅबमध्ये आहे, त्यात ऊतक किती शिल्लक आहे आणि तो मिळवायला कोणाची सही लागते, हे भावाने पहिल्या सायकलीच्या आधीच विचारून घ्यावं.